मालवण बंद, मालागा सुरू : पावसाळ्याच्या सुट्टीत स्पेनला जाऊन स्पॅनिश शिकायचं असेल तर

आमच्याकडे सुट्टी मे महिन्यात नसते. मे महिन्यात चाकरमानी येतात, पर्यटक येतात, आंबे येतात, आणि चार खोल्यांचं होमस्टे चालवणाऱ्या बाईला दुपारी पाठ टेकायलाही वेळ मिळत नाही. आमची सुट्टी १ जूनला सुरू होते. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, किनाऱ्यावरचे खेळ बंद, खोल्यांना कुलपं, अंगणात झड. या दोन महिन्यांत मी आधी पापड-फेण्या आणि छपरावरची डागडुजी करायचे. एका वर्षी डोक्यात घेतलं की चार आठवडे स्पेनला जाऊन स्पॅनिश शिकायचं. सासूबाई म्हणाल्या, "गो, पावसात घर टाकून खंय चललंस?" प्रश्न रास्त होता.

त्यानंतर गावातल्या आणि रत्नागिरी-चिपळूणच्या बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं : कसं गेलीस, किती खर्च आला, व्हिसा कसा मिळाला. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहावं, म्हणून हा लेख. स्पॅनिश शब्द मी मुद्दाम देवनागरीत लिहिलेत. त्याचं कारण पुढे येईलच.

गाव कुठलं निवडायचं

स्पॅनिश शिकायचं म्हटलं की लोक माद्रिद नाहीतर बार्सेलोना म्हणतात. बार्सेलोना शहर म्हणून सुरेख, पण तिथल्या पाट्या आणि घरातली बोली बरीचशी कातालान. नवशिक्याच्या डोक्यात दोन भाषांची भेळ होते. वॅलेन्सियातही थोड्याफार प्रमाणात तेच. माद्रिद मोठं आणि महाग. सालामांका हे शिकण्याचंच गाव, तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. उच्चार स्वच्छ, गल्ल्यागल्ल्यांत विद्यार्थी. पण ते समुद्रापासून लांब, आणि मला समुद्राशिवाय चार आठवडे काढायचे नव्हते.

म्हणून मालागा. दक्षिणेला, भूमध्य समुद्रावर, आंदालुसिया प्रांतात. बेताचं मोठं शहर, पायी फिरता येतं, भाषेच्या शाळा भरपूर, आणि मासे. जिथल्या रोजच्या आयुष्यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला आधीच कळतात, अशा गावात भाषा लवकर येते असं माझं मत आहे. डोंगरातल्या माणसाने ग्रानादाला जावं. किनाऱ्यावरच्याने मालागाला नाहीतर कादिसला.

उन्हाळ्यात आंदालुसिया भाजून काढते हे खरं. सेव्हिलला जून-जुलैत चाळिशी पार होते. मालागाला समुद्रामुळे पारा साधारण तिशीच्या आसपास राहतो. फक्त 'तेर्राल' सुटला की विचारू नका. तेर्राल म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, आपला मतलईच. पण आपला मतलई पहाटेचा गार, होड्या बाहेर काढणारा. त्यांचा तेर्राल भट्टीतून आल्यासारखा. गंमत म्हणजे त्या दिवशी समुद्राचं पाणी मात्र थंडगार होतं.

तारखा ठरवताना दोन दिवस लक्षात ठेवा. २३ जूनची रात्र म्हणजे सान खुआनचा सण, आणि १६ जुलै म्हणजे कोळ्यांच्या देवीचा, विर्खेन देल कार्मेनचा दिवस. जूनच्या तिसऱ्या सोमवारी किंवा त्याच्या आसपास सुरू करून चार आठवडे घेतलेत आणि पुढे दोन-तीन दिवस ठेवलेत, तर दोन्ही पदरात पडतात. नवे वर्ग सहसा सोमवारीच सुरू होतात. अगदी शून्यापासून शिकणाऱ्यांसाठी मात्र बहुतेक शाळा महिन्यातला ठरावीक सोमवारच ठेवतात. ते आधी विचारा, मगच तिकीट काढा.

शाळेला विचारायचे प्रश्न

स्पॅनिश सरकारची 'इन्स्तितुतो सेर्वांतेस' ही संस्था १९९१ पासून भाषेचं काम करते. दिल्लीत तिचं केंद्र आहे. स्पेनमधल्या ज्या शाळांना ती मान्यता देते त्यांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते. मी त्या यादीतल्याच शाळा पाहिल्या आणि तिघांना एकच पत्र पाठवलं. वर्गात जास्तीत जास्त किती जण? 'एक तास' म्हणजे पन्नास मिनिटं की साठ? जुलैत शाळकरी मुलांचे घोळके येतात, तर चाळिशीच्या बाईला कुणासोबत बसवणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हिसा नाकारला तर फी परत मिळणार का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. व्हिसासाठी शाळेचं प्रवेशपत्र लागतं आणि पैसे भरल्याशिवाय शाळा ते देत नाही. म्हणजे पैसे आधी जातात, व्हिसा नंतर येतो.

आठवड्याला वीस तासिकांचा वर्ग पुरतो. तीस तासिकांचा 'इंटेन्सिव्ह' घेऊ नका. दुपारी डोकं भरून जातं, शहर राहून जातं, आणि मग एवढ्या लांब आलो कशाला, असं वाटतं.

राहण्यासाठी शाळेमार्फत एखाद्या कुटुंबातली खोली घ्या. 'मेदिया पेन्सिओन' म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण मिळतं. मी स्वतः होमस्टेवाली, त्यामुळे पाहुणी होऊन राहणं मला पहिले दोन दिवस जमेना. जेवण झालं की उठून ताटं गोळा करायचे आणि घरमालकीणबाई माझ्या हातातून काढून घ्यायच्या. सत्तरी ओलांडलेल्या बाई, पण त्यांना 'उस्तेद' म्हणजे आपलं 'तुम्ही' म्हटलेलं चालायचं नाही. 'तू' म्हण म्हणायच्या. योगायोगाने शब्दही तोच, 'तू'. एवढ्या वडीलधाऱ्या बाईला 'तू' म्हणताना जीभ अडखळायची. मग लक्षात आलं, आईला आपण 'तू'च म्हणतो की.

खर्चाचा अंदाज

वर्गाला आठवड्याला साधारण १८० ते २५० युरो, खोली आणि दोन वेळचं खाणं मिळून तेवढेच किंवा थोडे जास्त. एका युरोला ढोबळ शंभर रुपये धरा. विमान, विमा, व्हिसा आणि वरखर्च मिळून चार आठवड्यांचे तीन ते साडेतीन लाख होतात. स्वस्त नाही, हे मान्य. मी दोन सीझन बाजूला टाकत गेले.

पैसे नेताना फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो पुरतात. दुकानात किंवा एटीएमवर मशीन विचारतं : रुपयांत पैसे वळते करू की युरोत? नेहमी युरो दाबा. रुपये दाबलेत तर दर त्यांचा, आणि तो कधीच तुमच्या फायद्याचा नसतो.

व्हिसा : इथे घाई करू नका, उशीरही करू नका

नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला साधा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) चालतो. शिकायला जात असलात तरी. वेगळा विद्यार्थी व्हिसा त्याहून मोठ्या मुक्कामासाठी. हे मी ठळक सांगते, कारण मुंबईतल्या एका एजंटाने मला 'स्टुडंट व्हिसाच लागेल' म्हणून सांगितलं, फाइल बनवायचे पैसे घेतले आणि तीन आठवडे घालवले. चूक माझीही होती. दूतावासाचं संकेतस्थळ उघडून अर्धा तास वाचलं असतं तर ते पैसे वाचले असते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निर्णयाला नेहमी पंधरा दिवस लागतात, कधी पंचेचाळीसही. पण खरी अडचण अपॉइंटमेंटची. एप्रिल-मेमध्ये अख्खा देश युरोपला निघतो. आपल्याला तर मे महिन्यात मान वर करायला फुरसत नसते. म्हणून फेब्रुवारीत कागद जमवा, मार्चमध्ये अर्ज द्या आणि होळीच्या आसपास मोकळे व्हा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मी कुडाळहून रात्रीची कोकणकन्या पकडली, सकाळी मुंबईत उतरले, व्हिसाच्या अर्ज केंद्रावर काम उरकलं आणि त्याच रात्री परतीच्या गाडीत बसले. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला हा हेलपाटा बहुधा वाचतो.

मोठ्या माणसाला व्हिसाची फी ९० युरो, जून २०२४ पासून. केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. बँकेचं शिक्क्यासकट स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, शाळेचं पत्र, राहण्याची सोय कुठे याचं पत्र, जाण्यायेण्याचं आरक्षण.

आता आपल्यासारख्यांचा मुद्दा. नोकरदार माणूस ऑफिसचं रजेचं पत्र जोडतो. आपण काय जोडायचं? तुम्ही परत येणार याची खात्री त्यांना हवी असते. मी होमस्टेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, घराचा आठ-अ आणि जमिनीचा सातबारा जोडला. सातबारा मराठीत, तो तिथे कोण वाचणार? इंग्रजी भाषांतर करून घ्या. सोबतच्या पत्रात साधं लिहा : जून-जुलैत आमचा धंदा बंद असतो, ऑगस्टमध्ये गणपतीची तयारी आणि पुन्हा पाहुणे. मी तेवढंच लिहिलं होतं, आणि ते खरंही होतं.

निघण्याआधीचे तीन महिने : मराठीतून शिका

इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

आपण परदेशी भाषा इंग्रजीतून शिकतो. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, मनातलं भाषांतरही इंग्रजी. स्पॅनिशच्या बाबतीत हा उगाच घातलेला वळसा आहे. मराठीतून गेलात तर अर्धा रस्ता आधीच झालेला असतो.

उच्चारांपासून सुरू करा. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. जसे लिहिलेले तसेच वाचायचे. त्यांचे 'त' आणि 'द' आपले दंत्य त-द आहेत, इंग्रजी ट-ड नाहीत. वर्गात माझ्या शेजारी बसणारी इंग्रज मुलगी महिनाभर 'टू' म्हणत राहिली. आपल्याला ते पहिल्या दिवशी जमतं. 'ञ' त्यांच्याकडे रोजच्या वापरातलं अक्षर आहे : 'एस्पाञा' म्हणजे स्पेन, 'माञाना' म्हणजे उद्या. 'ह' लिहितात पण उच्चारत नाहीत. 'र' एकेरी आणि दुहेरी वेगळे. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. हे सगळं रोमन लिपीतून पाठ करण्यापेक्षा वहीत देवनागरीत लिहा. मूळ स्पेलिंग डाव्या रकान्यात, उच्चार उजव्या. माझी वही पाहून आमच्या शिक्षिकेने फोटो काढून ठेवला.

मग व्याकरण. इंग्रजीतून शिकणारे एका क्रियापदापाशी हमखास घसरतात : 'गुस्तार', आवडणे. इंग्रजीत 'मी' कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये आवडलेली वस्तू कर्ता. म्हणजे नेमकं मराठीसारखं. 'मला सुरमई आवडते', 'मला तारल्या आवडतात', यात क्रियापद माशाप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. तसंच 'मे गुस्ता एल पेस्कादो', पण 'मे गुस्तान लास सार्दिनास'. मालवणीत 'माका', त्यांच्यात 'मे'. डोकं दुखतं तेव्हाही त्यांच्यात हेच 'मे' येतं : 'मे दुएले ला काबेसा'. शिक्षिकेने हा धडा दोन दिवस घेतला. मी ते दोन्ही दिवस खिडकीबाहेर बघत होते.

शब्दांना लिंग असतं याचाही आपल्याला धक्का बसत नाही. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच. विशेषणही नामाप्रमाणे वळतं, 'चांगला-चांगली' तसं 'बुएनो-बुएना'. फक्त आपलं लिंग त्यांच्यावर लादू नका. आपली नदी, त्यांचा 'रियो' पुल्लिंगी. समुद्र 'एल मार' म्हणजे पुल्लिंगी, पण कोळी माणूस प्रेमाने 'ला मार' म्हणतो.

मराठी जिथे फसवते ती जागाही सांगते. आपल्याला एकच 'आहे' पुरतं, त्यांना दोन लागतात : 'सेर' आणि 'एस्तार'. नियम वाचून माझ्या डोक्यात काही शिरेना. शेवटी आंब्याने समजावलं. 'एल मांगो एस बेर्दे' म्हणजे आंबा हिरव्या रंगाचा आहे, जातच तशी. 'एल मांगो एस्ता बेर्दे' म्हणजे आंबा अजून कच्चा आहे, चार दिवसांनी पिकेल. वस्तूचा स्वभाव 'सेर', सध्याची अवस्था 'एस्तार'. अपवाद आहेत, पण अढीत हात घातलेल्या माणसाला सुरुवातीला एवढं बास.

शब्दांचं म्हणाल तर पोर्तुगीजांनी आपलं काम चारशे वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी शेजारीण. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत, १५२१ सालच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून घरात बोलली जाते. आणि आपल्या तोंडी? साबण म्हणजे 'खाबोन', चावी म्हणजे 'यावे', पाव म्हणजे 'पान', तंबाखू म्हणजे 'ताबाको', घमेलं म्हणजे 'गामेया', मेस्त्री म्हणजे 'माएस्त्रो', 'पागार' म्हणजे पैसे देणे, आणि दाराची बिजागरी म्हणजे जवळजवळ तशीच 'बिसाग्रा'. माझ्या खोलीच्या खिडकीची बिजागरी करकरायची. घरमालकीणबाईंना मी पहिलं पूर्ण वाक्य बोलले ते त्या बिजागरीबद्दल. बटाट्यापाशी मात्र जपून. बटाटा म्हणजे 'पाताता'. 'बाताता' मागितलात तर रताळं हातात येईल. मला आलं.

रोज चाळीस मिनिटं, तीन महिने. अंक, वेळ, ओळख, खाणं, रस्ता, वर्तमानकाळ एवढं घेऊन जा. मुळाक्षरं शिकायला स्पेनपर्यंत जाणं म्हणजे पैसे पाण्यात. थोडी तयारी असेल तर चार आठवड्यांत ए-१ ही भाषेची पहिली पातळी पक्की होते आणि ए-२ म्हणजे पुढच्या पातळीत पाय पडतो. त्याहून जास्त कोणी कबूल करत असेल तर विश्वास ठेवू नका.

सामान आणि प्रवास

हापूस नेता येत नाही. मांस, दूध, तूप, पेढेही नाहीत, युरोपीय संघात ते सामानातून काढून घेतात. मालवणी मसाल्याची लहान पुडी न्या, घरात भेट म्हणून. भारतातून मालागाला थेट विमान नाही. आखातातून किंवा इस्तंबूलवरून एक थांबा घेऊन जाता येतं. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी विमान बदललंत तर इमिग्रेशन तिथेच होतं, तेव्हा मध्ये निदान तीन तास ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि ठसे घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, रांग हळू सरकते. शाळेचं पत्र, विमा आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत असू द्या. मालागा विमानतळावरून सी-१ लोकल पकडलीत की पंधरा मिनिटांच्या आत शहरात. आणि शक्यतो रविवारी दुपारी पोचू नका. दुकानं बंद, रस्ते सामसूम. मी बिस्किटांवर दुपार काढली.

दिवस कसा लावायचा

सकाळी नऊ ते एक वर्ग. दोन-अडीचला जेवण. 'मेनू देल दिया' विचारा : दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं ठरावीक किमतीत, कामाच्या दिवशी दुपारीच. दोन ते पाच लहान दुकानं बंद. हीच वेळ घरी फोन करायची. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे त्यांच्या दोनला इथे साडेपाच, चहाची वेळ. सकाळी घरचे मेसेज बघू नका. एकदा डोक्यात मालवण शिरलं की वर्गात तोंडून मराठी बाहेर पडते. संध्याकाळ लांब असते. जूनअखेरीस सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि जेवण त्याच्याही नंतर.

दुपारचं एक काम रोज भाषेसाठी ठरवून ठेवा, छोटंसं. आज बस कुठली जाते ते विचारायचं. उद्या चप्पल शिवून घ्यायची. परवा केस कापायचे (हे धाडस मी तिसऱ्या आठवड्यात केलं, निकाल बरा लागला).

कॉफीपासून सुरुवात करा, कारण मालागात कॉफी मागणं हाच एक धडा आहे. दुधाच्या प्रमाणाप्रमाणे तिला वेगळी नावं. अर्धी कॉफी अर्धं दूध म्हणजे 'मिताद'. दूध जास्त, कॉफी थोडी म्हणजे 'सोम्ब्रा', सावली. नुसता रंग येण्यापुरती कॉफी म्हणजे 'नुबे', ढग. पहिल्या दिवशी मी पुस्तकातलं लांबलचक वाक्य म्हटलं, काउंटरवरच्या माणसाने समजूतदारपणे मान हलवली आणि काळी कॉफी दिली. दुसऱ्या दिवशी नुसतं म्हटलं, "उना सोम्ब्रा." त्याने न बघता ग्लास पुढे सरकवला. तेवढ्याने दिवस चांगला गेला.

कान तयार व्हायला वेळ लागेल. शाळेत शिकवतात ते पुस्तकी, रस्त्यावर बोलतात ते मालागाचं. शेवटचा 'स' गिळतात, 'पेस्कादो'चं 'पेस्काओ' करतात. पहिले चार दिवस मला वाटलं आपण चुकीच्या देशात आलो. मग विचार केला, पुण्यात मराठी शिकलेला फिरंगी आमच्या बाजारात उभा राहिला आणि कोणी त्याला "खंय चललंस?" म्हणून विचारलं तर त्याचं काय होईल?

मासळी बाजार, म्हणजे खरी शाळा

शहराच्या मधोमध आतारासानास बाजार आहे. नाव अरबी, अर्थ जहाजं बांधायची गोदी. मुसलमानी राजवटीत ती इथेच होती आणि समुद्र तेव्हा दारापर्यंत यायचा. घोड्याच्या नालेसारखी संगमरवरी कमान तेवढी शिल्लक आहे, तिच्याखालून आत जायचं. रविवारी बंद. सोमवारी मासळी घेऊ नका, रविवारी बोटी जात नाहीत. हे तुम्हाला कोणी समजावायची गरज नाही.

इथे रांग दिसत नाही, पण असते. गाळ्यापाशी आलात की मोठ्याने विचारायचं, "किएन एस एल उल्तिमो?" शेवटचा कोण? एखादी बाई बोट वर करते. आता तिच्यानंतर तुम्ही. पुढचा येऊन विचारेल तेव्हा तुम्ही बोट वर करायचं. हे मला माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी दहा मिनिटं नुसती उभी राहिले आणि चार बाया पुढून घेऊन गेल्या.

मग माशांची नावं. 'बोकेरोन' म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला, तसाच कुरकुरीत तळतात. मालागाच्या माणसांना टोपणनावच 'बोकेरोन' आहे. 'सार्दिना' म्हणजे तारलीची बहीण, 'काबाया' बांगड्याची. 'कालामार' म्हणजे म्हाकूल, 'गांबा' म्हणजे कोळंबी, 'आल्मेखा' म्हणजे तिसऱ्या. एका गाळ्यावर करड्या कातडीचा तुकडा दिसला. म्हटलं ही तर आपली मोरी, शार्कच्या जातीतली. 'कासोन' म्हणाला तो, मसाल्याच्या व्हिनेगरात मुरवून तळतात. मी त्याला खोबऱ्याच्या वाटपातल्या मोरीचं मटण समजावून सांगायला गेले. नारळ म्हणजे 'कोको' एवढंच आठवलं, बाकी हातवारे. तो हसून "लो लिम्पिओ?" म्हणाला, साफ करून देऊ? मी "सी" म्हटलं आणि अर्धा किलो बोकेरोन घरमालकीणबाईंना नेऊन दिले. त्या रात्री स्वयंपाकघरात पाय ठेवायची परवानगी मिळाली.

शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही. ट्यूना किंवा हॅमचे तुकडे येतात, ते त्यांच्या लेखी मांस नव्हे. "नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन" असं तिन्ही नावं घेऊन सांगा. आणि 'बेरेन्खेनास कोन मिएल दे काञा' मागवा : तळलेली वांग्याची कापं, वरून उसाची काकवी. घरच्यासारखं लागेल.

शहर बघताना

आल्काथाबा हा अकराव्या शतकापासूनचा गढीवजा किल्ला, त्याच्या पायथ्याशी रोमन रंगमंदिर. ते १९५१ साली बागेचं काम करताना सापडलं. वरचा खिब्राल्फारो किल्ला चढून गेलात की बंदर सगळं दिसतं. मी सिंधुदुर्ग बघत मोठी झालेली, तटबंदीची तुलना मनात केल्याशिवाय राहवलं नाही. पाण्यात किल्ला मालागात नाही, एवढंच सांगते. पिकासो १८८१ साली या गावात जन्मला. त्याचं संग्रहालय बघा, पण पाट्या स्पॅनिशमध्येच वाचा, ऑडिओ गाइड घेऊ नका. मोठ्या चर्चला गावकरी 'ला मांकिता' म्हणतात, एका हाताची, कारण दुसरा मनोरा कधी पुरा झालाच नाही.

पण दुपार मोकळी मिळाली की मी ११ नंबरची बस धरून पेद्रेगालेखो आणि एल पालोला जायचे. जुने कोळीवाडे. किनाऱ्यावर जुन्या होडीत वाळू भरून त्यावर लाकडं पेटवतात आणि सळईला ओवलेल्या तारल्या आगीच्या कडेला उभ्या रोवतात. हा 'एस्पेतो'. मीठ आणि धूर, बाकी काही नाही. ज्या महिन्यांच्या नावात 'र' नाही त्यांत, म्हणजे मे ते ऑगस्ट, तारली सगळ्यात चरबीदार असं तिथले लोक म्हणतात. शेजारी वल्ह्यांच्या 'खाबेगा' होड्या, नाळेवर डोळे रंगवलेल्या.

सान खुआनच्या रात्री याच वाळूवर होळ्या पेटतात. चिंध्या भरलेल्या बाहुल्या, 'खुआस', त्यात टाकतात आणि मध्यरात्री समुद्रात तोंड धुतात. मी नकळत पालथा हात तोंडावर नेऊन बोंब ठोकली. आजूबाजूच्या पोरांना ती एवढी आवडली की पाच मिनिटांत सगळे ठोकत होते. कार्मेनच्या दिवशी देवीला होडीत बसवून दर्यात नेतात. नारळ नाही, फुलं. बाकी नारळी पौर्णिमाच.

आंब्याची आठवण आलीच तर पूर्वेकडच्या आक्सार्किया भागात आंब्याच्या बागा आहेत, पण तिथला आंबा सप्टेंबरनंतर. जुलैत झाडाला नुसत्या कैऱ्या. 'एस्ता बेर्दे'.

परत आल्यावर

दोन महिने हात लावला नाहीत तर क्रियापदं पहिली पळतात, नामं राहतात. मी फळ्यावर माशांची नावं मालवणी, इंग्रजी आणि स्पॅनिश अशी तीन रकान्यांत लिहिते. स्पॅनिशची 'देले' परीक्षा द्यायची असेल तर ती सेर्वांतेसच घेते, ए-१ पासून. मी अजून दिलेली नाही. त्यापेक्षा रविवारी संध्याकाळी साडेपाचला घरमालकीणबाईंना फोन लावते. दिवाळीनंतर त्यांची घड्याळं तासभर मागे गेलेली असतात हे पहिल्या वर्षी मी विसरले, आणि त्या पोळ्यासाठी अंडी फेटत असताना फोन वाजला. आता हिवाळ्यात साडेसहाला लावते.